नानांच्या नावावरची पावलं

डोंबिवली पूर्वेला, टिळकनगरात, एक जुनी चार मजली इमारत आहे. लिफ्ट नाही. इमारत बांधली तेव्हा राहायला आलेले सगळे तिशीचे होते. आता सगळे सत्तरीकडे झुकलेत आणि पुनर्विकासाची बैठक दर महिन्याला भरून दर महिन्याला फिसकटते. या इमारतीत घड्याळांची साथ आली ती करोनानंतर. आधी, 2021 च्या एप्रिल-मेमध्ये, घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला होता. चौऱ्याण्णव की पंच्याण्णव, एवढ्यावरून माणसं रात्र रात्र जागली. करोना ओसरला, ऑक्सिमीटर खणात गेले, पण स्वतःच्या शरीराचा आकडा बघायची चटक मागे राहिली. ती मनगटावर चढली. 2023 या एका वर्षात भारताच्या बाजारात पाच कोटींहून अधिक स्मार्ट घड्याळं उतरली. त्यातली दहा-बारा या इमारतीच्या जिन्यानं वर गेली.

तळमजल्यावरच्या प्रधानांनी तर अठराशे रुपयांत साखर मोजणारं घड्याळ आणलं. सुई नाही, रक्त नाही, नुसतं मनगट. ते उपाशीपोटी एकशे दहा दाखवायचं आणि श्रीखंड खाल्ल्यावरही एकशे दहाच दाखवायचं, त्यामुळे प्रधान खुशीत होते. (टोचल्याशिवाय साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर सांगितलं होतं. पण ते प्रधानांना सांगणार कोण? श्रीखंडाची वाटी पुढ्यात असताना असलं काही सांगू नये.) असो. गोष्ट प्रधानांची नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या नानांची आहे.

नाना फोर्टमधल्या एका कंपनीत छत्तीस वर्षं हिशेब सांभाळून निवृत्त झालेले. वय सहासष्ट, प्रकृती ठणठणीत, डाव्या गुडघ्याची तेवढी कुरकुर. बंगळूरच्या लेकीनं वाढदिवसाला घड्याळ पाठवलं, तेही चांगल्यापैकी महागाचं. आरोग्य विमा कंपनीचं ॲप तिनंच त्यांच्या फोनवर टाकलं आणि दोन्ही एकमेकांना जोडून दिली. योजना अशी की, ज्या दिवशी दहा हजार पावलं भरतील तो दिवस हिशेबात धरायचा. महिन्यात असे पुरेसे दिवस जमले की गुण, आणि गुणांच्या प्रमाणात पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सूट. साठीनंतर विम्याचा हप्ता कसा वाढतो, हे ज्यांनी तो भरलाय त्यांना सांगायला नको.

पहिले काही आठवडे नाना खरोखर चालले. पहाटे नेहरू मैदानाला फेऱ्या, संध्याकाळी फडके रोडच्या गर्दीतून गणेश मंदिरापर्यंत जाऊन परत. साडेसहा-सात हजारांवर गुडघा बोलू लागायचा. मग उरलेली पावलं घरात: स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. पावसाळा लागला आणि तेही कंटाळवाणं झालं, तेव्हा नाना सोफ्यावर बसून मालिका बघता बघता ताक घुसळल्यासारखा नुसता डावा हात हलवू लागले. घड्याळाला पाय कुठे दिसतात? त्याला हाताचा झोका कळतो, आणि झोका ठरावीक लयीत आला की ते त्याला पाऊल म्हणतं.

"अहो, हात दुखेल," काकू म्हणाल्या.

हात दुखलाच. पण त्या दुखण्यानंच नानांना वाट दाखवली. पाऊल आपलंच असलं पाहिजे असं घड्याळाला वाटत नसेल, तर मनगट तरी आपलंच कशाला हवं?

कमलबाई सात घरची कामं करायच्या. मूळच्या जालन्याकडच्या, वय चव्वेचाळीस. सकाळी सातला नानांकडे भांडी, मग चौथ्या मजल्यावर दोन घरं, पलीकडच्या इमारतीत तीन, रस्त्याच्या पल्याड एक, आणि दुपारी एकला परत नानांकडे झाडू-फरशी. नानांनी कागदावर मजले मांडले, बेरीज केली आणि बेरीज बघून ते स्वतःच थक्क झाले.

"कमलबाई, एक काम कराल? हे नुसतं हातात घालून फिरायचं. एकला परत द्यायचं. महिन्याला शंभर रुपये जास्तीचे."

कमलबाईंनी पदराला हात पुसले आणि घड्याळ उलटं करून पाहिलं. मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकत होता. "हे काय आहे?"

नानांना समजावून सांगायला फार आवडायचं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, ते म्हणाले. ठोका पडला की कातडीखाली रक्ताची लाट येते, तेवढा प्रकाश कमी परततो. लाट ओसरली की जास्त परततो. हे कमी-जास्त मोजत राहिलं की हृदयाचे ठोके कळतात.

"भांड्याच्या पाण्यानं बिघडणार नाही ना?"

"छे."

"मग द्या."

पहिल्या दिवशी 13,870 पावलं आणि 31 मजले. भांडी घासतानाही थोडी पावलं पडत होती, हा वरकड फायदा. इमारतीतल्या चालणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर नाना आठवड्याभरात पहिले आले आणि मग पहिलेच राहिले. "नाना, या वयात!" असं कुणीतरी लिहायचं. प्रधान हात जोडलेली बाहुली टाकायचे. नाना दुपारी फरशी वाळेपर्यंत पाय वर घेऊन सोफ्यावर बसत आणि सगळ्यांना धन्यवाद देत.

काकूंचं मात्र कमलबाईंशी हल्ली पटेनासं झालं होतं. "पूर्वी कशी झपझप यायची. आता बघावं तेव्हा दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसलेली. आणि एक सांगू? तांदळाचा डबा लवकर संपतोय. परवा मी बघितलं, निवडता निवडता कच्चेच तांदूळ तोंडात टाकत होती. एकदा नाही, मूठ मूठ. चहा-पोळी देते मी तिला, तरी."

"खाऊ दे गं मूठभर," नाना म्हणाले. मनानं ते उदार होते.

घड्याळ अधूनमधून कमलबाईंच्या हातात थरथरायचं. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटायच्या. कमलबाई बाजूचं बटण दाबून त्याला गप्प करायच्या. एकला घड्याळ नानांच्या फोनजवळ आलं की सकाळभरचा सगळा मजकूर फोनमध्ये उतरायचा. त्यात पावलं असत, मजले असत आणि कधीकधी एक सूचना असे: आपण दहा मिनिटं स्वस्थ असताना आपले ठोके 120 च्या वर गेले होते. वेळ 11:20. नाना ती बोटानं बाजूला सारत. कमलबाई जिना चढत असतील, की चढतात ठोके. स्वस्थ असताना, हा शब्द त्यात होता. पण छत्तीस वर्षं हिशेब तपासलेल्या माणसालाही बेरीज बघायची घाई असली की तळटीप दिसत नाही.

लेकीला मात्र दिसली. तिनं जोडणी करतानाच बाबांच्या तब्येतीचा अहवाल आपल्या फोनवरही यावा अशी सोय करून ठेवली होती. एका रविवारी तिनं सवडीनं तो उघडला आणि दहा मिनिटांत फोन केला. "बाबा, तुमचे ठोके बसल्या बसल्या एकशे पंचवीस जातायत. रोज. दीड महिना. आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

इथे नानांना खरं सांगता आलं असतं. पण फोन स्पीकरवर होता, काकू समोर होत्या, आणि चालणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये लेकीची सासूही होती.

"जरा दगदग होते गं," नाना म्हणाले.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला चक्र म्हणतात. ईसीजी झाला, उत्तम. टूडी एको झाला, उत्तम. पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट झाली, तिथे नानांचा गुडघा आधी थकला, हृदय नाही. लेक तिकडून पैसे पाठवत होती, काकूंनी उपास धरला, नानांच्या ताटातलं मीठ गेलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, होल्टर लावू. छातीला तारा चिकटवायच्या, कमरेला छोटी डबी, चोवीस तास हृदयाची सलग नोंद. नाना शर्टाच्या आत तारा घेऊन घरी आले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी सवयीनं घड्याळ कमलबाईंना दिलं. महिना संपत आला होता. चार दिवस कमी पडत होते.

डॉक्टर पन्नाशीचे, डोंबिवलीतच वाढलेले. त्यांनी होल्टरचा कागद टेबलावर पसरला, शेजारी नानांचा फोन उघडून ठेवला आणि पेन फिरवत बराच वेळ बसले.

"काका, काल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुमच्या कमरेची डबी म्हणते ठोके 72. घड्याळ म्हणतं 128."

"घड्याळ चुकत असेल," नाना आशेनं म्हणाले.

"चुकतात घड्याळं. पट्टा सैल असला, हात थंड असला, फार हलवला की चुकतात. पण रोज सात ते एक या वेळातच चुकायचं आणि दोननंतर तुम्ही झोपलात की शहाण्यासारखं 66 दाखवायचं, असं घड्याळ मी अजून बघितलेलं नाही. तेव्हा एकतर काल तुमच्या अंगात दोन हृदयं होती..." त्यांनी फोनवरचा आलेख मागे सरकवला. "आणि हे बघा. बारा तारखेला आणि सव्वीस तारखेला काहीच नाही. पावलं अकराशे, ठोके सत्तर. या दोन दिवशी तुम्ही काय वेगळं केलंत?"

"त्या दिवशी कमल आली नव्हती," नाना म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलं.

"कमल कोण?"

मग नानांनी सगळं सांगितलं. डॉक्टर पोट धरून हसले. दहा हजार कुणी ठरवले माहितीय का, त्यांनी विचारलं. टोकियोचं ऑलिंपिक झालं 1964 साली, लोकांना व्यायामाचं वारं लागलं, आणि 1965 मध्ये तिथल्या यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं मानपो-केई, दहा हजार पावलांचं मापक. गोल आकडा, लक्षात राहणारा. त्याला तेव्हा कुठल्या संशोधनाचा आधार नव्हता. पुढे 2019 साली अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्कर बायकांचा अभ्यास झाला, सरासरी वय बहात्तर. रोज साधारण चार हजार चारशे पावलं चालणाऱ्यांतसुद्धा मृत्यूचं प्रमाण कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच खाली आढळलं, आणि साडेसात हजारांपुढे फायदा वाढेना. "म्हणजे तुमची नेहरू मैदानावरची सहा-सात हजार पावलं काय वाईट होती? तुमचं हृदय छान आहे, काका. गुडघा सांभाळा."

नानांच्या छातीवरून तारा आधीच निघाल्या होत्या, आता महिन्याभराचं ओझंही उतरलं. ते उठले, नमस्कार केला, कोपऱ्यावरून पाव किलो पेढे घ्यायचे असं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं.

"काका," डॉक्टर आता हसत नव्हते, "हे ठोके कुणाचे तरी आहेत."

नाना दाराशी थांबले.

"बसल्या जागी एकशे अठ्ठावीस. आज घेऊन या त्यांना. संध्याकाळी. पैशाचं बघू नका."

कमलबाई यायला तयार नव्हत्या. मला काय झालंय, थोडी धाप लागते, ती कुणाला लागत नाही? शेवटी काकूंनी चपला घातल्या आणि "चल गं, मी येते" म्हणाल्या. तोपर्यंत काकूंना सगळं कळलं होतं आणि त्या नानांशी एक अक्षर बोलत नव्हत्या.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप नंतर लावला. आधी त्यांनी कमलबाईंची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. आत लाली नव्हती, कागद होता. तळहात पाहिले, नखं पाहिली. सपाट, ठिसूळ, मधोमध खोलगट.

"कच्चं काही खावंसं वाटतं? खडू, माती, तांदूळ?"

कमलबाईंनी काकूंकडे पाहिलं. काकू पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

हिमोग्लोबिन 6.2 निघालं. बाईमाणसाचं निदान बारा तरी असावं. रक्तात प्राणवायू वाहून नेणारा मालच अर्धा, म्हणून हृदय दुप्पट खेपा करत होतं. भाजी निवडायला टेकल्यावरसुद्धा. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दोन वर्षं पाळी महिन्यातून दहा-दहा दिवस चालली होती. "जायच्या वेळेला असंच जातं म्हणतात ना," कमलबाई म्हणाल्या. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, साधी, औषधानं आणि वेळ पडल्यास छोट्या शस्त्रक्रियेनं निस्तरण्यासारखी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला आहे, म्हणजे या देशात कमलबाईंसारख्या बाया कुठल्याही जिन्यात भेटतील. त्यांच्या रक्ताच्या तपासणीला आलेला खर्च नानांच्या एका स्ट्रेस टेस्टच्या पासंगालाही पुरला नसता.

लोहाची सलाईन ठरली, मग काही महिने गोळ्या, आणि महिनाभर जिने बंद. सात घरांपैकी तीन घरांनी पगारी सुट्टी दिली, दोघांनी अर्धा पगार, एकानं "बघू" म्हटलं, आणि रस्त्यापल्याडच्या घरानं त्याच संध्याकाळी दुसरी बाई लावली. पगारी सुट्टी देणाऱ्या तिघांत नानांचं घर होतं. पण काकूंचं तेवढ्यावर भागलं नाही.

"गेल्या हप्त्यात सूट किती मिळाली?"

"सहा हजार तीनशे," नाना म्हणाले. आकडा त्यांना तोंडपाठ होता.

काकूंनी हात पुढे केला.

विमा कंपनीला खरं कळवावं असंही नानांच्या मनात येऊन गेलं. तसं त्यांनी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, लेखी काही देऊ नका, पॉलिसीच रद्द करतील." नानांनी मग ॲपची जोडणी तेवढी काढून टाकली आणि गप्प बसले. हरिश्चंद्र होण्याचा त्यांचा विचार नव्हता, आणि तसा तो फारसा कुणाचाच नसतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्यांची पावलं एकदम तीन हजारांवर आली. लोकांनी काळजीनं विचारलं. प्रधानांनी महामृत्युंजय मंत्राची चित्रफीत पाठवली. भांडी नाना स्वतः घासत होते, काकू फरशी पुसत होत्या, आणि घड्याळ आता नानांच्याच मनगटावर असल्यामुळे घासताना पडणारी पावलं प्रथमच खरी त्यांची होती.

दिवाळीनंतर कमलबाई कामावर आल्या. हिमोग्लोबिन साडेनऊ झालं होतं. पूर्ण बऱ्या नव्हत्या, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत मध्ये न बसता आल्या. काकूंनी चहा केला आणि आज स्वतःच्या कपाबरोबर एकाच ताटलीत आणला. कमलबाईंनी नानांच्या हाताकडे बघितलं.

"घड्याळ आता द्यायचं नाही का?"

"नाही," नाना म्हणाले. "ते झालं ते झालं, कमलबाई."

"ते थरथरायचं ना सारखं, मला वाटायचं चार्जिंग मागतंय. बटण दाबून गप्प करायची मी. काय म्हणायचं हो ते?"

नानांनी फोन काढला. जुन्या सूचना अजून तिथेच होत्या, एकाखाली एक. त्यांनी एक उघडली आणि तिचं मराठी करून सांगितलं. तारखा खाली खाली सरकत होत्या. कमलबाई वाकून पडद्याकडे बघत राहिल्या.

"हे सगळं तुमच्या फोनवर येत होतं?"

"हो."

"मला इंग्रजी येत नाही," कमलबाई म्हणाल्या, "तुम्हाला तर येतं की, नाना."

काकूंनी कपाकडे बघत चहाचा घोट घेतला. नानांनी फोन पालथा ठेवला. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि कमलबाई ते मागतही नव्हत्या. त्यांनी बशी विसळली, पदर खोचला आणि झाडू उचलला.

"ते शंभर रुपये मात्र आता पगारात धरा," त्या म्हणाल्या. "आणि तो सोफा सरकवा, खाली केर आहे."

नानांनी सोफा सरकवला.